काल्तिंदची हाक

१

शेळ्यांना हाक मारायचं काम घरात माझ्याकडे होतं.

उन्हाळा लागला की आम्ही शेळ्या घेऊन वरच्या कुरणावर राहायला जायचो. एका खोलीचं लाकडी घर, छपरावर उगवलेलं गवत, बाजूला चीज आटवायची चूल, आणि दारातून तळ्यापर्यंत उतरत गेलेली पायवाट. तळ्यापलीकडे हिमनदीची मळकट जीभ आणि तिच्यावर काल्तिंद. त्याची आमच्या बाजूची काळी भिंत सुपासारखी आत वळलेली आहे. हाक मारली की ती त्या सुपात जाऊन पडायची आणि पाखडून, स्वच्छ होऊन परत यायची. फ्योर्डवरून, म्हणजे खाली समुद्राच्या बाजूने, हा डोंगर दिसतच नाही. मी तिकडची. लग्न होऊन वर येईपर्यंत असलं काही शिखर आहे हेही मला माहीत नव्हतं.

माझा आवाज मोठा. वडील होडी चालवायचे, त्यामुळे या तीरावरून त्या तीरावर ओरडून बोलायची आमच्या घराची रीत. जीभही तशीच. हाल्वोरला, माझ्या नवऱ्याला, पहिल्या वर्षी त्याची मजा वाटायची. त्या उन्हाळ्यापर्यंत मजा संपली होती. मी बोलायचे आणि तो खांद्यांनी उत्तर द्यायचा. आमची मुलगी सिग्ने तेव्हा नुकती चुरूचुरू बोलायला लागली होती. चौथी माझी सासू, गुरो.

त्या वर्षी आमच्याकडे एक पाहुणा उतरला. एलिंग ब्रेक्के त्याचं नाव. राजधानीतून आला होता. नवा नकाशा व्हायचा होता, त्यासाठी डोंगरांची, ओढ्यांची, कुरणांची नावं गोळा करत हिंडायचा. किडकिडीत, पायाला फोड आलेले, आणि इतका भिडस्त की स्टुलावर बसतानाही इकडेतिकडे बघून परवानगी घ्यायचा.

"जुन्या नकाशावर काल्डतिंद आहे," पहिल्याच दिवशी लापशीच्या वाडग्यावरून तो म्हणाला. "काल्ड म्हणजे थंड. थंड शिखर. पण ही कुणा पाद्र्याची ऐकण्यातली चूक असणार. तुम्ही सगळे काल्तिंद म्हणता. ड कुठेच नाही."

"आम्ही घाईत असतो," मी म्हटलं. "अक्षरं गाळतो."

तो हसला. "काल म्हणजे म्हातारा. पण काल म्हणजे हाकसुद्धा. मग हा म्हाताऱ्याचा डोंगर, की हाकेचा?"

"हाकेचाच," हाल्वोर म्हणाला. "माझी बायको राहते ना इथे."

"बरं. पण मग ज्याला हाक मारायची तो डोंगर, की जो हाक मारतो तो?"

सासूबाई चुलीवर चीजसाठी दूध ढवळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आजी, तुम्ही काय ऐकलंय?" ब्रेक्केने विचारलं.

"मला ऐकू कमी येतं," सासूबाई म्हणाल्या.

तळ्यात मासा उडाला तरी त्यांना चुलीपाशी कळायचं. त्यांचं आपलं काहीतरी असेल, असं वाटलं.

२

ब्रेक्केकडे एक घड्याळ होतं. खटका दाबला की काटा धावायचा, पुन्हा दाबला की थांबायचा. हाकेला उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरून भिंत किती लांब आहे हे सांगता येतं, असं त्याने समजावलं. नावाचा उगम प्रतिध्वनीत असेल तर तो मोजून ठेवलेला बरा. हाक मारायला अर्थात मीच.

"रोज सकाळी एकच शब्द हवा," तो म्हणाला. "मोकळ्या तोंडाचा. 'आ' असलेला."

"माझं नाव चालेल?"

"राग्ना? उत्तम!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. "शेळ्यांची हाक मार," त्या म्हणाल्या. "माणसाची नको."

"का हो आई?"

"उगीच."

त्या आत गेल्या. हाल्वोर विळ्याला धार काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मार गं. घरात दिवसभर दुसऱ्यांच्या नावाने ओरडतेस. एकदा स्वतःच्या नावाने ओरड."

मग मी ओरडले. राऽग्नाऽ! ब्रेक्केने खटका दाबला. मला वाट बघताना हातांना काहीतरी लागतं, म्हणून डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधून गाठ मारली. गाठ बसली आणि उत्तर आलं. राऽग्नाऽ. माझ्या आवाजापेक्षा गोड. दगडातून येतं तर खरखरीत यायला हवं, असं उगीच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

नंतर एका सकाळी मी हाक मारली, रुमाल सोडला, झटकला, आणि टोकं हातात असतानाच उत्तर आलं.

मी ब्रेक्केकडे बघितलं. तो घड्याळाकडे बघत होता. त्याने ते कानाला लावलं, हलवलं.

"हवा बदलली असेल," तो म्हणाला. "थंड हवेत आवाजाचा वेग बदलतो."

"गार पडलं की लवकर येतो?"

"उलट. उशिरा यायला हवा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो जरा हसला. "घड्याळ बिघडलंय."

घड्याळ बिघडेल. रुमाल कसा बिघडेल?

३

मग धुकं उतरलं. आधी शिखर गेलं, मग भिंत, मग हिमनदी. तळ्याचा फक्त अलीकडचा काठ राहिला. धुकं आम्हाला नवं नव्हतं. शेळ्यांना मात्र झालं होतं. त्या पाण्यावर जाईनात. बादलीने पाणी आणून पाजावं लागलं.

ब्रेक्केने हाक सोडली नाही. मला वाटतं त्याला हे थांबायला हवं होतं, पण थांबलेलं स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मी हाक मारायचे. रुमालाला हात जायच्या आत उत्तर यायचं. भिंत तर जागची हलत नाही. हिमनदीच्या टोकावरून येत असेल, मी मनाशी म्हटलं. धुक्याला धडकून येत असेल. पुढच्या सकाळी ते पाण्यावरून आलं. पाण्यावरून येणारा आवाज मला लहानपणापासून ओळखू येतो, तो सपाट असतो. त्याच्या पुढच्या सकाळी ते आमच्याच काठावरून आलं. माझं तोंड अजून मिटायचं होतं.

"बास झालं," हाल्वोर म्हणाला. पण म्हणाला माझ्याकडे बघून. जणू मीच काहीतरी करत होते.

ब्रेक्केने त्याच दिवशी सामान बांधलं. बोट गाठायची आहे म्हणाला. दुसऱ्या सकाळी निघताना त्याला चीज बांधून दिलं. पाठपिशवी चढवून तो दाराशी घुटमळला.

"एकदा शेवटची?" त्याने विचारलं.

मी हाक मारली.

काहीच आलं नाही. आम्ही उभे राहिलो. छपरावरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच. ब्रेक्केने मोठा श्वास सोडला. "धुक्यात मुरला आवाज," तो म्हणाला. "चांगलं झालं. मला वाटतं चांगलंच झालं." आणि झपाझप उतरून गेला.

मी वळले, तर सासूबाई खिडकीची झडप आतून लावत होत्या.

"उत्तर आलं नाही आई," मी म्हटलं. "तुम्हालाच त्याचा त्रास होत होता ना?"

"लांब असेल तोवर उत्तर येतं," सासूबाई म्हणाल्या.

४

दुपारी एक शेळी कमी भरली. पांढऱ्या कपाळाची, नेहमीची उनाड. मी सिग्नेला सासूबाईंजवळ सोडलं आणि बाकीच्या शेळ्या सोबत घेऊन तळ्याकडे उतरले. कळपाच्या घंटा ऐकून ती आपोआप येईल, असा हिशेब. हाक मारली नाही. का नाही मारली, ते मला सांगता येणार नाही. घशापर्यंत आली आणि गिळली.

धुक्यात माझेच हात मला फिके दिसत होते. शेळ्या अंगाला चिकटून चालत होत्या. आणि पाठीमागून, वरून, आमच्या घराच्या बाजूने हाक आली.

"केउऽ, केउऽ, या गं या!"

माझी हाक. शेवटच्या 'या'वर मी आवाज जरा चढवते, तो चढवलेला होता.

प्रतिध्वनी, मी म्हटलं. सकाळची राहून गेलेली हाक आत्ता आली. पण सकाळी मी शेळ्यांना हाक मारलीच नव्हती. आणि माझ्या अंगाला चिकटलेल्या शेळ्यांनी माना वर केल्या, कान टवकारले आणि एकजात उड्या मारत वर पळाल्या. घंटांचा आवाज लांब गेला. पांढऱ्या कपाळाचीही कुठूनशी धुक्यातून निघाली, माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि त्यांच्या मागे गेली.

मग वर कुणीतरी त्यांना एकेकीच्या नावाने जवळ घेऊ लागलं. सगळी नावं बरोबर होती.

मी धावत सुटले.

५

दार लागलेलं होतं. दिवसा आम्ही दार कधीच लावत नाही.

आत ताटल्यांचा आवाज. हाल्वोर काहीतरी बोलला, आणि बाई हसली. मग हाल्वोर हसला. त्याचं हसणं मी इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं की आधी मला वाटलं आत कुणी परका पुरुष आहे.

मी दार ठोठावलं. आतलं सगळं गप्प झालं.

"हाल्वोर! अरे दार उघड!"

"बघ," आतून माझा आवाज म्हणाला, हळू, घाबरलेला. "माझाच आवाज काढतंय ते."

मी मागे सरकले. झडपेला एक फट आहे, चुलीच्या बाजूची. डोळा लावला. चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसली होती. माझी वेणी. माझा निळ्या चौकड्यांचा एप्रन. मी खाली बघितलं. तो माझ्या अंगावरही होता, आणि तळ्याच्या चिखलाने माखलेला होता. तिचा कोरा होता. सिग्ने तिच्या मांडीवर होती. सगळं आमच्या घरातल्यासारखं होतं, फक्त तिच्यासमोरच्या कॉफीची वाफ तिच्याकडे जात नव्हती. तिच्या अंगापाशी येऊन बाजूला वळत होती.

"आई!" मी ओरडले. "सासूबाई! मी आहे, मी राग्ना!"

"सगळ्या असंच म्हणतात," सासूबाई आतून म्हणाल्या. अगदी थकलेल्या आवाजात.

सिग्ने मांडीवरून उतरली आणि फटीपाशी आली. तिचा एक डोळा, माझा एक डोळा. मला इतकं बरं वाटलं. लेकरू ओळखणारच. आणि तिने ओळखलंच.

"आई," ती आत वळून म्हणाली, "बाहेर पण आई आहे."

"हो गं सोन्या," ती बाई म्हणाली. "ती डोंगरातली आहे. तिच्याकडे बघायचं नाही."

आणि सिग्नेने बघायचं सोडलं. मी सांगितलेली गोष्ट ती कधी पहिल्या वेळेला ऐकायची नाही. तिने सांगितलेली ऐकली.

मी दारावर मुठी मारल्या. काय काय बोलले ते आठवत नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी होडीत पाणी शिरलं होतं ते सांगितलं, हाल्वोरच्या मांडीवरचा डाग सांगितला. मी एक सांगायचे, आणि आतून ती पुढचं सांगायची, माझ्याआधी. "विळा घे हातात," सासूबाई हाल्वोरला म्हणाल्या. "लोखंड असू दे."

कडी निघाली. हाल्वोर बाहेर आला आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. हातात विळा होता, पण तो त्याने खाली धरला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. चिखलाकडे, ओरबाडलेल्या मुठींकडे, मग डोळ्यांकडे. खूप वेळ. त्याच्या तोंडावरची भीती हळूहळू गेली आणि तिथे दुसरंच काही आलं. कुरणावर दोन शेळ्या शेजारी उभ्या करून एक निवडताना त्याचा चेहरा असा व्हायचा.

"हाल्वोर," मी म्हटलं, "तुला कळतंय ना?"

"कळतंय," तो म्हणाला. आवाज एवढा खाली की आत जाऊ नये.

"मग?"

"राग्ना," तो म्हणाला. माझ्या नावाने म्हणाला. "मुकाट्याने जा. ती शांत आहे गं. घरात आल्यापासून एकदाही टोचून बोलली नाही."

तो आत गेला. कडी लागली. कुणीतरी खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली.

६

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले. धुक्याखाली ऊन होतं, लोक गवत कापत होते. मला बघून कुणी दचकलं नाही.

ब्रेक्के धक्क्यावर बोटीची वाट बघत होता. मला बघताच तो उठला आणि बाकामागे गेला. बाक मध्ये ठेवून बोलू लागला.

"तुम्ही काल वाटभर मला हाका मारत होतात?"

"नाही."

"माझ्या नावाने. एलिंग, एलिंग. नुसतं नाव. आपली अहो-जाहोची ओळख, म्हणून मी वळलो नाही. केवळ शिष्टाचार म्हणून वळलो नाही, कळतंय का तुम्हाला?"

मी त्याला सगळं सांगितलं. माझ्यासोबत वर चला म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकतील. तो ऐकत होता आणि माझ्या ओठांकडे बघत होता, आवाज त्यांतूनच येतोय का ते तपासत असल्यासारखा.

"मला ठरवता येत नाही," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही त्यांतल्या कुठल्या, ते मला ठरवता येत नाही. माफ करा." बोट लागली. फळीवर चढल्यावर तो थांबला. "नकाशावर मी काल्डतिंदच राहू देतो. थंड. डोंगर थंड आहे म्हटलं की कुणी त्याच्याशी बोलायला जात नाही."

पलीकडच्या तीरावर माझा भाऊ ओलाव राहायचा. त्याच्याकडे गेले. त्याने मला जेवू घातलं, माझी बाजू घेऊन तावातावाने वर गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा दारात उभा राहिला, आत यायला तयार नव्हता.

"तिथे राग्ना आहे," तो म्हणाला. "कॉफी दिली. 'तुझी फार आठवण येते रे' म्हणत माझ्या गळ्यात पडून रडली. लहानपणी आपण दोघांनी वल्हं बुडवलं होतं, त्यावरून हसली. राग्ना तिथे आहे. मग तू कोण?"

वाटेत उतरताना तोच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. शेळ्या तिच्याकडे पळाल्या. लेकरू तिचं ऐकतं. जिला सगळे ओळखतात ती राग्ना, की जी दारावर मुठी मारते ती? मी सुरीने बोट कापून बघितलं. रक्त आलं, लाल. तिचंही लाल असेल.

७

मी माशांच्या कारखान्यात लागले. हेरिंग मासे साफ करायचे. नाव आजीचं सांगितलं, बेरेट. बोलणं कमी केलं. मोठ्याने तर बोलायचंच नाही. बायका मला गरीब स्वभावाची म्हणत. हाल्वोरने बघितलं असतं तर मी त्याला आवडले असते.

तो आलाच. थंडी सरून गेल्यावर एका सकाळी बोटीतून उतरला, कारखान्याच्या दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला. अंगाने भरला होता. चेहरा मात्र कमी झोपणाऱ्या माणसाचा.

"सिग्ने आजारी आहे," तो म्हणाला. "ताप उतरत नाही. खाली डॉक्टरकडे आणलीय."

माझे हात खवल्यांनी भरले होते. ते तसेच घेऊन मी एप्रन सोडायला लागले.

"तू येऊ नकोस," तो म्हणाला. "तसं नाही. ती एक गाणं मागते. तू झोपवताना म्हणायचीस ते. होडीचं. तिला... घरात येत नाही ते कुणाला. बाकी सगळं तिला येतं. एवढं एकच येत नाही."

ते माझ्या वडिलांचं गाणं होतं. वल्ही नसलेली होडी झोपलेल्या पोराला घेऊन आपोआप घरी येते, असलं काहीतरी. मी ते मोठ्याने कधीच म्हटलं नव्हतं. सिग्नेच्या केसांत तोंड घालून, ओठांच्या आत. वरच्या कुरणावरही तसंच. म्हणून ते डोंगरापर्यंत गेलं नव्हतं.

"एकदा म्हण," हाल्वोर म्हणाला. "मी पाठ करतो. पोरीसाठी, राग्ना."

इतक्या दिवसांत मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. त्याला ते माहीत असावं.

आणि ताप खरा असला तर? मी त्याला भिंतीपाशी नेलं आणि म्हटलं. पहिल्यांदा रडू आलं म्हणून पुन्हा म्हटलं. तो ओठ हलवत शिकला. चाल त्याला जमेना, म्हणून मी आणखी एकदा, जरा मोठ्याने म्हटलं. मग त्याने मान हलवली, टोपी घातली आणि बोटीकडे गेला. धन्यवाद म्हणाला नाही. बरं केलं.

मी मागोमाग धक्क्यावर गेले. वाटलं, पोर लांबून तरी दिसेल. बोट निघत होती. मागच्या फळीवर एक बाई पाठमोरी बसली होती, डोक्याला रुमाल, मांडीवर शालीत गुंडाळलेली सिग्ने. हाल्वोर चढून तिच्याजवळ जायला निघाला, तिला शिकवायला.

त्याची गरज नव्हती. तो पोचायच्या आधीच तिने सुरू केलं. माझ्या आवाजात, अगदी ओठांच्या आत, आणि तरी पाण्यावरून मला अक्षर अन् अक्षर ऐकू येत होतं. माझ्यापेक्षा गोड. हाल्वोर जागीच थांबला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या एकदाच त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की तो घाबरलेला आहे. सिग्नेचा हात शालीतून वर आला आणि त्या बाईच्या गालावर गेला.

मी सोबत म्हणायचं ठरवलं. मोठ्याने, साऱ्या फ्योर्डला ऐकू जाईल असं. म्हणजे पोरीला कळेल की गाणं धक्क्यावर आहे. तोंड उघडलं. पहिली ओळ काय होती ते मला आठवेना.